पुढची खुर्ची तिसऱ्या गेमनंतर

चि. ...... हिस,

अनेक आशीर्वाद.

नावाची जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. आपल्याकडची पत्रं कुणाच्या ना कुणाच्या फोनवरून फिरतातच, आणि कोर्टवरच्या बाकीच्या पोरांनी तुझा स्कोअर वाचून तुला छळावं असं मला वाटत नाही.

परवा रात्री तुझा मेसेज आला. "सर, पहिला सेट गेल्यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. आता तर बोलायला परवानगी असते." एवढंच. खाली नेहमीचा हसरा चेहरा नव्हता, त्यावरून ओळखलं की राग आलाय. तुझं म्हणणं खोटं नाही. २०२५ पासून बाहेरून सल्ला द्यायची सोय टेनिसच्या नियमांतच आली. त्याआधी आम्ही प्रशिक्षक मंडळी टोपी सरळ करणं, कान खाजवणं असल्या खुणांवर भागवायचो आणि काही पंच ते बघून न बघितल्यासारखं करायचे. आता उघड बोलता येतं, तरी मी गप्प बसलो. का, ते सांगायला मेसेज पुरणार नाही, म्हणून हे पत्र.

माझी निळी वही तुला माहीत आहे. परवाचं पान समोर ठेवूनच लिहितोय. पहिल्या सेटमध्ये तू २९ गुण घेतलेस, तिने ३१. साठ गुणांत दोनाचा फरक. ४-४ ला तुझी सर्व्हिस होती आणि ४०-१५ अशी तू पुढे होतीस. तिथे दोन्ही सर्व्हिस चुकून एक डबल फॉल्ट. मग एक फोरहँड जाळीत, ४०-४०, ड्यूस. मग तिचा तो रेषेला घासून गेलेला रिटर्न, त्याला काही इलाज नव्हता. मग पुन्हा फोरहँड जाळीत. ४-५. पुढचा गेम तिने स्वतःच्या सर्व्हिसवर काढला आणि सेट संपला. सामन्यानंतर तू म्हणालीस, "आज काहीच लागत नव्हतं." वही तसं म्हणत नाही. वहीत एक गेम दिसतो, आणि त्या गेममधले ओळीने चार गुण.

दुसऱ्या सेटचं पान मात्र वाचवत नाही. १-६. त्यातले पहिले तीन गेम दहा मिनिटांत गेले, मी घड्याळ लावलं होतं. सर्व्हिसला २५ सेकंद मिळतात, तू सात-आठ सेकंदांत चेंडू उडवत होतीस. जणू गॅसवर दूध ठेवून आली आहेस.

आता मधल्या दोन मिनिटांबद्दल. सेट संपला की १२० सेकंद मिळतात, एरवी बाजू बदलताना ९०. तू खुर्चीत बसलीस, टॉवेल डोक्यावरून घेतलास आणि पंचांनी 'टाइम' म्हणेपर्यंत तो काढला नाहीस. पाण्याची नवी बाटली तशीच राहिली. तिचं सील तुटलेलं नव्हतं, सामान उचलताना मी बघितलं. मग उठलीस आणि परत त्याच बाजूला गेलीस, कारण ४-६ म्हणजे दहा गेम झाले. सेटमधल्या गेमची बेरीज सम आली की सेटनंतर बाजू बदलत नाहीत, पुढच्या सेटच्या पहिल्या गेमनंतर बदलतात. तेव्हा चार वाजताचं ऊन डोळ्यांत घेऊन तुलाच सर्व्हिस करायची होती. आणि त्या पहिल्या गेमनंतर बाजू बदलली तरी बसायला मिळत नाही, पाण्याचा घोट घेऊन चालत राहायचं.

हे नियम तुला पाठ आहेत. पण ते एकापुढे एक ठेवून कधी बघितले आहेस का? सेटनंतरच्या खुर्चीतून उठलीस की पुढची खुर्ची थेट तिसऱ्या गेमनंतर. मधे तीन गेम, आणि परवा त्यांतले दोन तुझ्या सर्व्हिसचे. इतकी वर्षं कोर्टाच्या कडेला बसून मी जे बघत आलो त्यावरून सांगतो, पहिला सेट हरलेल्या खेळाडूचा सामना बहुतेक वेळा याच पट्ट्यात हातचा जातो. डोक्यात काहीच न घेता उठलेली मुलगी पुढच्या खुर्चीत ०-३ घेऊन बसते, आणि मग खरोखरच उशीर झालेला असतो.

बालेवाडी आठवते? जानेवारी २०२३, महाराष्ट्र ओपनची अंतिम फेरी. ती स्पर्धा पुण्यातली शेवटचीच ठरली, पुढच्या वर्षी ती हाँगकाँगला गेली. नेदरलँड्सचा टॅलन ग्रीक्सपूर आणि फ्रान्सचा बेंजामिन बोंझी खेळत होते. पहिला सेट बोंझीने ६-४ असा घेतला आणि तू, पंधरा वर्षांची, स्वेटरच्या बाह्या ओढत म्हणालीस, "सर, निघू या का? नंतर रिक्षा मिळत नाही." मी म्हटलं, थांब. ग्रीक्सपूरने पुढचे दोन सेट ७-५, ६-३ असे घेतले आणि पुरुषांच्या मुख्य एटीपी टूरवरचं पहिलं विजेतेपद मिळवलं. आदल्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, याच माणसाने खालच्या चॅलेंजर दर्जाच्या आठ स्पर्धा जिंकल्या होत्या. एका मोसमात तोवर इतक्या कुणीच जिंकल्या नव्हत्या. त्या स्पर्धांना गर्दी नसते, टीव्ही नसतो, खुर्च्या प्लॅस्टिकच्या असतात. पहिला सेट गेल्यावर पुढे काय करायचं हे तो तिथेच कुठेतरी शिकला असणार, पुण्यात येऊन नव्हे. रिक्षा आपल्याला खरंच मिळाली नाही, आणि तू घरी पोचेपर्यंत त्याच्या बॅकहँडबद्दल बोलत होतीस.

पण तुला आता बघायला सांगणार आहे तो सामना दुसरा. २०२५ची फ्रेंच ओपन, महिलांची अंतिम फेरी, कोको गॉफ विरुद्ध अरिना सबालेंका. तू तो मोबाइलवर चार मिनिटांत बघितला आहेस हे मला माहीत आहे. चार मिनिटांत फक्त चांगले फटके दिसतात. तो सामना चांगल्या फटक्यांचा नव्हताच. पॅरिसला त्या दिवशी वारा सुटला होता. मुख्य कोर्टाला छप्पर आहे, पण ते उघडंच होतं. लाल मातीवर चेंडू आधीच मंद येतो, त्यात वाऱ्याने तो शेवटच्या क्षणी इकडेतिकडे सरकत होता. जगातली पहिली आणि दुसरी खेळाडू समोरासमोर, आणि दोघींच्या फटक्यांचा ठिकाणा नाही.

पहिल्या सेटमध्ये सबालेंका ४-१ ने पुढे होती. गॉफने तिला गाठलं, ६-६ करून सेट टायब्रेकपर्यंत नेला आणि तिथे ५-७ असा गमावला. सव्वा तास घाम गाळून हाती काही नाही. विचार कर, तुझा ४-६ चा सेट यापुढे कितीसा जड आहे? ती एकवीस वर्षांची होती. त्याच कोर्टवर २०२२ मध्ये अंतिम फेरीत १-६, ३-६ अशी हरलेली. मनात काय काय आलं असेल.

पुढचे सेट तिने ६-२, ६-४ असे घेतले. कसे? दोन मिनिटांत तिला नवा फोरहँड मिळाला नाही. तिचा फोरहँड दबावाखाली डगमगतो हे सगळ्या जगाला माहीत आहे, त्या दिवशीही तो तसाच होता. तिने फक्त चेंडू परत पाठवायचं काम सोडलं नाही. जाळीपासून उंच, रेषेपासून आत, मोठ्या मोकळ्या जागेत, आणि पाय सतत हलते, कारण वाऱ्यात चेंडू शेवटच्या वीतभर अंतरात जागा बदलतो. समोरची बाई रेषेवर मारते. वाऱ्यात रेषेवर मारणारीचे फटके वीतभर बाहेर जातात. सामना संपला तेव्हा सबालेंकाच्या नावावर स्वतःहून केलेल्या ७० चुका होत्या. सत्तर! गॉफच्या त्याच्या निम्म्याही नव्हत्या. सबालेंका नंतर स्वतःच्या खेळावर इतकी चिडली होती की ऐकवत नव्हतं, आणि त्यावरून तिच्यावर टीकाही झाली. मला मात्र तिची बाजूही कळते. ७० चुका काही आभाळातून पडत नाहीत, समोरची प्रत्येक वेळी आणखी एक चेंडू मारायला लावते तेव्हा त्या होतात. (सबालेंकाला कमी लेखू नकोस. त्याच वर्षी सप्टेंबरात तिने अमेरिकन ओपन पुन्हा जिंकली.)

आणि ही पहिली वेळ नव्हती. २०२३च्या अमेरिकन ओपनची अंतिम फेरी काढून बघ. याच दोघी, गॉफ एकोणीस वर्षांची, पहिला सेट २-६ गेलेला. पुढचे दोन ६-३, ६-२. म्हणजे पॅरिसला खुर्चीत बसली तेव्हा तिच्यापाशी एक जुनी नोंद होती, याच बाईविरुद्ध इथूनच आपण बाहेर आलो होतो. तुझ्यापाशी अशी नोंद अजून नाही. ती कुणाकडून उसनी मिळत नाही, व्हिडिओ बघूनही नाही. एकदा स्वतः करून मिळवावी लागते, आणि ती पहिली एकदा फार अवघड असते.

आता आपल्याकडचं एक. १९९६, अटलांटा ऑलिम्पिक. लिअँडर पेसची गोष्ट तुझ्या आईने तुला सांगितली असेल, आमच्या पिढीत ती सगळ्यांनाच पाठ आहे. पण सांगताना लोक शेवट सांगतात, तिरंगा, कांस्यपदक, रडणारा लिअँडर. मी स्कोअर सांगतो. पहिल्या फेरीत समोर रिची रेनेबर्ग. पहिला सेट ६-७ गेला, दुसरा ७-६ घेतला, तिसऱ्यात १-० झाल्यावर रेनेबर्गने सामना सोडला. मधल्या तीन फेऱ्या त्याने एकही सेट न देता जिंकल्या. उपांत्य फेरीत अगासीपुढे हरला, आणि त्याच सामन्यात मनगट दुखावून बसला. त्याआधीच्या दोन ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळालं होतं. १९९६ला मात्र त्यासाठी वेगळा सामना ठेवला होता. म्हणजे दुखरं मनगट घेऊन पुन्हा कोर्टवर उतरणं भाग.

तो ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीशी खेळला. मेलिजेनी डावखुरा, चिवट, न थकता परतवणारा. पहिला सेट ३-६ गेला. डावखुऱ्याची सर्व्हिस डावीकडच्या चौकोनात पडून आपल्या बॅकहँडच्या बाहेर पळते. तिची सवय व्हायला वेळ लागतो, हे तू मागच्या वर्षी चांगलंच भोगलं आहेस. लिअँडरचा पहिला सेट त्यातच गेला की मनगटात, हे मी छातीठोक सांगणार नाही. पुढचे दोन मात्र ६-२, ६-४. दोनच आठवड्यांत, एकाच स्पर्धेत, पहिला सेट गमावून दोनदा बाहेर आलेला माणूस. जागतिक क्रमवारीत शंभराच्या बाहेर, स्पर्धेत प्रवेशही वाइल्ड कार्डवर, म्हणजे खास निमंत्रणाने. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं, त्यानंतर ४४ वर्षांनी भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक पदक. त्याचे वडील डॉ. व्हेस पेस मूळ गोव्याचे, १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकलेल्या हॉकी संघातले. घरात एक कांस्य आधीच होतं, ही मला नेहमी गमतीची गोष्ट वाटते.

हे वाचून तू म्हणशील, सर, ही मोठी माणसं. बरं, मग लहान माणसाचं ऐक. माझं. मी तुझ्याएवढा असताना एका जिल्ह्याच्या गावी खुल्या स्पर्धेत खेळत होतो. गावाचं नाव नको. पहिला सेट २-६ गेला. ऊन मरणाचं, आणि पाच चाळीसची शेवटची एसटी. मी हिशोब केला, तीन सेट झाले तर एसटी चुकणार आणि तरीही हरणारच. दुसरा सेट देऊन टाकला. उघड नाही, अशा सफाईने की बघणाऱ्याला वाटावं पोरगा मारायला जातोय आणि चुकतोय. वीस मिनिटांत ०-६. एसटी मिळाली, खिडकीही मिळाली. दुसऱ्या दिवशी मित्राकडून कळलं, हात मिळवून झाल्यावर तो मुलगा नळापाशी आडवा पडला होता आणि दोन जण त्याची पोटरी चोळत होते. पायात गोळा आला होता. पुढच्या फेरीला तो उतरलाच नाही. मी जाळीच्या या बाजूला होतो, तो दुसऱ्या सेटमध्ये सर्व्हिसला उडी मारत नव्हता हे मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मी घड्याळाकडे बघत होतो. तुझा टॉवेल आणि माझी एसटी, दोन्ही एकाच जातीचे.

खोटा धीर देणार नाही. पहिला सेट जिंकणारा बहुतेक वेळा सामना जिंकतो. परवा तू सगळं नीट केलं असतंस तरी कदाचित ४-६, ५-७ अशी हरली असतीस. तसं झालं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं, तुला मिसळ खायला नेलं असतं.

तर त्या दोन मिनिटांत करायचं काय? बसायचं. पाणी प्यायचं, तहान नसली तरी. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांध, हातांना काम असलं की डोकं जागेवर येतं. मग एकच प्रश्न: तिला गुण कुठून मिळाले? मी काय चुकले, हा प्रश्न नको, त्याचं उत्तर तुझ्याकडे नेहमी तयार असतं आणि ते नेहमी 'सगळंच' असतं. वहीत बघ. तिच्या ३१ पैकी ११ गुण तुझ्या दुसऱ्या सर्व्हिसवर आले. प्रत्येक वेळी तू चेंडू तिच्या बॅकहँडच्या कोपऱ्यात टाकत होतीस आणि ती चौथ्या गेमपासून बेसलाइनच्या आत दोन पावलं येऊन तिथेच उभी राहत होती. तिच्या उजव्या बुटाची टाच रेषेच्या आत आहे, हे मी कडेवरून बघत होतो. तुला समोरून आणखी स्पष्ट दिसायला हवं होतं. दुसरी सर्व्हिस अंगावर टाकायची, बस. तिचा हात अडकला असता. एवढा एकच बदल घेऊन उठायचं. तीन बदल घेऊन उठलीस तर तिन्ही अर्धवट होतात, आणि रागाने जोरात मारणं हा बदल नव्हे.

सेट हरला की लगेच बाहेर जाऊन यायची एक फॅशन झाली आहे. नियमात बसतं, जायचं तर जा. पण तिथे आरशात स्वतःचा चेहरा बघत उभी राहू नकोस. त्या वेळचा चेहरा बघून आजवर कुणाला धीर आलेला नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी गप्प बसलो कारण तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी ठरवलं होतं, तिने मान वर केली की दोन शब्द सांगायचे, 'सर्व्हिस अंगावर'. टॉवेलवर ओरडायचं नाही. बाहेरून ओरडलेलं वाक्य घेऊन तू उठली असतीस, पहिला गेम कदाचित घेतलाही असतास, आणि पुढच्या वेळी सेट गेला की आधी मला शोधलं असतंस. पुढच्या महिन्यात तू एकटी खेळायला जाणार आहेस, तिथे मी नसेन. हा माझा विचार होता. पण काल रात्री पान पुन्हा बघताना वाटलं, ०-१ झाल्यावर बाजू बदलायला तू माझ्या पुढ्यातून गेलीस, तेव्हा टॉवेल नव्हता, आणि तेव्हा बोलायला हरकत नव्हती. मी आखडून बसलो. ही चूक माझी, वहीत तशी लिहिली आहे, तारखेसह.

सोमवारी सकाळी सहाला ये. सामना पहिल्या सेटपासून खेळायचा नाही. फळ्यावर ४-६ लिहून ठेवतो, दोन मिनिटं खुर्चीत बसायचं, आणि मग तुझ्या सर्व्हिसने सुरुवात. तीन गेम झाले की थांबायचं. पुन्हा फळा, पुन्हा खुर्ची. आठवडाभर फक्त हेच तीन गेम. समोर कोण खेळणार ते सांगत नाही, पण डावखुरा आहे.

येताना पाण्याची ती बाटली घेऊन ये, अजून तुझ्याच बॅगेत आहे. आणि माझी टोपीही बहुतेक तिथेच असेल.

तुझे
सर